एक्सलची वाटणी

बाबा गेल्यावर त्यांची गाडी कुणी घ्यायची यावरून दोघे भाऊ पुढच्या खोलीत तावातावाने भांडत होते आणि मधली दाराला टेकून ऐकत होती. मधली म्हणजे त्या दोघांच्या मधली बहीण. थोरला तो दादा, धाकटा तो धाकटा आणि ही मधली. तिचं घरातलं स्थान नावातच होतं, पण वाटणीच्या वेळी नेमकं तेच दोघे विसरले होते. वरचा मजला दादाचा, खालचा धाकट्याचा आणि मागची खोली ‘सध्या राहू दे तिच्याकडे’. सध्या! त्याच खोलीत तिने बाबांना वर्षानुवर्षं उठवलं, बसवलं, भरवलं, धुतलं होतं. दवाखान्याच्या खेपा याच गाडीतून तिने एकटीने मारल्या होत्या. तेव्हा गाडी कुणाची हा प्रश्न कुणाला पडला नव्हता, कारण तेव्हा ती फक्त चालवायची होती.

भांडण जरा थांबलं तसं तिने सरळ विषयाला हात घातला.

“गाडी मला हवी आहे. माझी नोकरी तिच्यावर अडलीये.”

नोकरी खरी होती. आजारी माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेने तिला बोलावलं होतं. काम तिच्या हातातलं होतं. अट एकच, स्वतःची गाडी पाहिजे, कारण पेशंट गावाबाहेर लांब लांब राहणारे. पहिल्या तारखेला गाडी घेऊन हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या बाईला जाईल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

“बघू,” दादा म्हणाला.

“ताई, तू तर घरातलीच आहेस. तुला काय करायचीये वेगळी गाडी?” धाकटा म्हणाला.

“बस जाते की तिकडे,” दादाने वर सल्लाही दिला आणि दोघे पुन्हा एकमेकांकडे तोंड करून भांडायला लागले. मधलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरात भरलेले नातेवाईक पाहून ती गप्प बसली. या गप्प बसण्याचाच तिला नंतर सगळ्यात जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दादा मागच्या दारी आला. आवाज खाली, मान खाली, म्हणजे काम होतं.

“धाकट्याकडे दुसरी किल्ली आहे गं. मी कामावर गेलो की हा गाडी काढेल आणि सासुरवाडीला नेऊन लावेल. मग बसा बोंबलत. बॅटरी काढून ठेवू का?”

“तो दुसरी आणून बसवेल.”

“मग काय करू?”

“मागचा एक्सल काढून ठेव आणि उशाशी घेऊन झोप,” ती फणकाऱ्याने म्हणाली.

हा टोमणा होता. शहाण्या माणसाला तो कळला असता. दादाचे डोळे मात्र चमकले.

“त्याने काय होतं?”

“इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारे दोन दांडे असतात. एक डावा, एक उजवा. एक जरी काढला तरी इंजिन नुसतं फिरत राहतं, गाडी जागची हलत नाही. चाकसुद्धा लावता येत नाही.”

“मोडतोड काही?”

“काही नाही.”

“मग काढून दे ना!”

काढून दे ना. चहा करून दे ना, शर्टाचं बटण लावून दे ना, तसंच. गाडी आपली, कष्ट हिचे. मधलीला नाही म्हणता आलं असतं. पण तिच्या डोक्यात तिडीक गेली होती आणि तिला वाटलं, होऊनच जाऊ दे. गाडीसाठी हा माणूस कुठवर जातो ते एकदा डोळ्यांनी बघू.

तिला हे काम येत होतं. बाबा अंगणातच गाडी खोलायचे. मुलगे कपडे मळतात म्हणून लांब पळायचे, ही टॉर्च धरायला उभी राहायची. पुढे टॉर्चच्या जागी हातात पाना आला. बाबांचे हात कापायला लागल्यावर सगळंच तिच्याकडे आलं, बाबा खुर्चीत बसून फक्त ओरडायचे.

तिने पुढच्या चाकांना विटा लावल्या. डाव्या मागच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग गाडी जॅकवर चढवली, खाली लोखंडी स्टँड दिला आणि चाक उतरवलं. हँडब्रेक सोडला. ब्रेकचा ड्रम अडून बसला होता. त्याला लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकून मोकळा केला. आत एक्सलची चकती दिसली. तिला एक भोक असतं, त्यातून नटावर टोपीसारखा बसणारा गोटी पाना आत घालून बेअरिंग धरून ठेवणाऱ्या मागच्या पट्टीचे चार नट सोडवायचे. एक सुटला की चकती फिरवून भोक पुढच्या नटासमोर आणायचं. दादा मागे उभा राहून “झालं का, झालं का” करत होता.

“झालं. आता ओढायचा.”

दादाने चकतीला धरून ओढलं. काही नाही. बेअरिंग आपल्या जागी घट्ट बसलेलं होतं.

“असा येत नाही तो,” ती म्हणाली. काढलेलं चाक तिने उलटं करून परत चकतीवर टांगलं आणि नट फक्त शेवटच्या दोन-तीन आट्यांवर ठेवले, म्हणजे चाक पुढेमागे खुळखुळत राहील. “आता चाक दोन्ही बाजूंनी धरायचं आणि आपल्याकडे जोरात हिसडायचं. ते नटांवर आपटतं, त्या दणक्याने एक्सल निघतो. मी म्हणेन तेव्हा.”

पहिला हिसका. सध्या राहू दे तिच्याकडे. दुसरा. तू घरातलीच आहेस. तिसऱ्याला तिने दात-ओठ खाऊन असा झटका दिला, की दादा तिच्याकडे बघतच राहिला. चौथ्याला काहीतरी सुटल्यासारखं झालं. एक्सल बेअरिंगसकट सरकत बाहेर आला आणि दादा चाक पोटावर घेऊन बुडावर आपटला. त्याच्या पँटवर काळं, घाण वासाचं तेल सांडलं. एरवी ती पोट धरून हसली असती.

दादाने तो हातभर लांबीचा दांडा जुन्या चादरीत गुंडाळला आणि वर नेऊन पलंगाखाली ठेवला. वहिनीने म्हणे विचारलं, हे काय. तर म्हणाला, “आपली गाडी.”

संध्याकाळी धाकट्याने एका बाजूने उचललेली गाडी पाहिली आणि आकाशपाताळ एक केलं. वर जाऊन दादाशी हमरीतुमरी झाली. मग तो पाय आपटत मागच्या दारी आला.

“ताई, हे तू काढून दिलंस?”

“हो.”

“त्याला दिलंस! मग मला दुसरा काढून दे. बघू आता तो कशी चालवतो.”

हा तर बहिणीला जाब विचारायला आला असेल असं तिला वाटलं होतं. जाब नाही, वाटा हवा होता! दुसऱ्या दिवशी तिने उजव्या बाजूचंही सगळं तसंच केलं. धाकट्याला धीर नव्हता. तो म्हणाला, घणच घालू. “घण घातलास तर बेअरिंग जाईल, आणि मग तुझ्या हातात नुसती सळई राहील,” असं ती खेकसली तेव्हा कुठे गप्प झाला. निघालेला एक्सल त्याने पुसला, कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. जाताना म्हणाला, “थँक्यू हं ताई. तूच आहेस म्हणून.”

गाडीचा मागचा भाग दोन स्टँडवर टेकला होता आणि चाकं भिंतीला लावून ठेवली होती. आता किल्लीला काय किंमत? दादाने आपल्याकडची किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवून टाकली.

पहिली तारीख जवळ आली तशी तिने अजून एकदा तोंड उघडलं. रागाने नव्हे, चांगलं समजुतीने. ती आधी वर गेली.

“दादा, एक्सल दे. गाडी मी चालवते. तुम्हा दोघांनाही कुठे जायचं असेल तर सोडेन.”

“त्याने आधी द्यावा.”

मग ती खाली आली.

“त्याने आधी,” धाकटा म्हणाला, “मग मी विचार करतो.”

“माझी नोकरी जाईल रे.”

“मला कशाला सांगतेस? दादाला सांग.”

मधली जिन्यातच उभी राहिली. तिला या दोघांबरोबर लहानपणी एका ताटात जेवल्याचं आठवलं आणि ते आठवल्याचाही राग आला. मेली ती माया, असं ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं, तरी तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती पाने पिशवीत घालून गावाबाहेरच्या भंगारवाल्याकडे गेली. तिथे बाबांच्या गाडीसारखीच एक गाडी पडली होती, पुढून पार चेपलेली, मागून धडधाकट. मधलीने साडीचा पदर खोचला आणि गाडीखाली शिरली. भंगारवाला कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

“बाई, घरात कुणी पुरुष नाही का?”

“दोन आहेत,” ती गाडीखालून म्हणाली. “म्हणून तर आलेय.”

तो हसला आणि चाक हिसडायला आपण होऊन हात लावला. दोन्ही एक्सल निघाले. डावा कुठला, उजवा कुठला ते तिने खडूने त्यांच्यावरच लिहिलं, कागदात गुंडाळले आणि बसने घरी आणले. बस जाते असं दादाने सांगितलंच होतं.

ती गाडीखाली दिवसभर होती. तेल अडवणारं नवीन सील बसवलं, एक्सल आत सरकवला, आतल्या दात्यांत बसेपर्यंत हळूहळू फिरवला, नट आवळले, ड्रम चढवला. मग दुसरी बाजू. मग तेल भरलं. धाकटा दोनदा बाजूने गेला.

“काय चाललंय ताई?”

“तेल गळतंय, ते बघतेय.”

“बरं बरं.” त्याने वाकूनही बघितलं नाही. बहीण काय करते हे वाकून बघायची त्या घरात कुणाला सवयच नव्हती.

रात्री सगळे झोपल्यावर तिने चाकं चढवून गाडी स्टँडवरून खाली घेतली. पहिल्या तारखेला सकाळी तिने खिळ्यावरची किल्ली घेतली, इंजिन सुरू केलं आणि गाडी हातभर पुढे घेतली. गाडी निमूट पुढे आली.

तो आवाज घरभर गेला. वर दडदड पावलं वाजली, खाली कपाटाचं कुलूप खडखडलं. दादा जिन्यातून धावत आला तो चादरीतला दांडा काखेत मारून. धाकटा आला तो दांडा हातात नाचवत.

“चोरा! माझ्याऐवजी दुसरा आणून लावलास!” दादा ओरडला.

“डोळे फुटले का? माझा हा बघ! तूच लावलास!”

“मग हा काय आहे?”

दोघांनी एकमेकांच्या हातातले दांडे पाहिले. मग दोघांनी एकदमच मान वळवून गाडीकडे पाहिलं. वाटण्या सुरू झाल्यापासून त्यांनी दोघांनी मिळून आत बसलेल्या बहिणीकडे बघितलं ते तेव्हा पहिल्यांदा.

“अगं, हे काय?” दादा म्हणाला. “गाडी आम्हा दोघांची आहे. न्यायची होती तर निदान विचारायचं तरी!”

मधलीने काच पूर्ण खाली केली. इतक्या दिवसांचा राग तोंडाशी आला होता, पण तिचा आवाज चढला नाही.

“विचारलं होतं. सगळ्यांच्या देखत विचारलं. मग तुझ्या दारात येऊन विचारलं, मग याच्या दारात. अजून कुठे येऊन विचारू?”

धाकट्याच्या दांड्यावरून तेलाचा ओघळ त्याच्या बाहीत उतरत होता.

“तुम्ही वाटणी केलीत ती मला मान्य आहे,” ती म्हणाली. “एक दांडा तुझा, एक दांडा त्याचा. ते तुमच्या हातात आहेत, नीट सांभाळा. उरलेली गाडी माझी. आता फाटकातून बाजूला व्हा, तिकडे माझी वाट बघतायत.”

आणि ते बाजूला झाले.