संध्याकाळच्या गाडीनं परत

प्राचार्य शेवाळे सर 'हरून या' असं कधीच म्हणाले नाहीत. इतकं उघड बोलणारे ते गृहस्थच नव्हते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ते छाया मॅडमना केबिनमध्ये बोलवायचे, चहा मागवायचे, मुलींच्या तब्येतीची चौकशी करायचे आणि शेवटी चष्मा पुसत म्हणायचे, "तेवढं संध्याकाळच्या गाडीनं परत या, मॅडम."

या वाक्याचा अर्थ छायाला पहिल्याच वर्षी कळला होता. आंतरमहाविद्यालयीन खो-खो स्पर्धा दोन दिवस चालायची. पहिल्या दिवशी हरलेले संघ संध्याकाळच्या एसटीनं घरी, जिंकलेले मुक्कामाला. मुक्काम म्हणजे राहणं आलं, दोन वेळचं जेवण आलं. त्यातून विभागात पहिला नंबर आला तर पुढे पुण्याला चार दिवस जाणं आलं, नवे कपडे आले, बूट आले. आणि जिंकूनही संघ पाठवला नाही तर विद्यापीठ दंड करणार, वर विचारणार की जिमखान्याचे पैसे गेले कुठे? आता ते कुठे जातात हे कॉलेजातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. संस्थेच्या अध्यक्षांच्या नावानं दर हिवाळ्यात प्रकाशझोतातली क्रिकेट स्पर्धा भरायची. मांडव पडायचा, फटाके उडायचे, पाहुण्यांना शाली पांघरल्या जायच्या. मुलामुलींच्या फीमधला जिमखान्याचा वाटा त्या चार दिवसांत जळून जायचा.

मग मुलींचा संघ पाठवायचाच कशाला? तर मूल्यांकनाच्या समितीला दाखवायला. समितीच्या कागदात मुलींच्या खेळांचा एक रकाना असतो, आणि तो भरायला भाग घेतला तरी पुरतो. जिंकलंच पाहिजे असं त्यात कुठे लिहिलेलं नाही!

छाया स्वतः एके काळी राज्याच्या संघातून खेळलेली. क्रीडाशिक्षिका म्हणून या कॉलेजात तिला नऊ वर्षं झाली होती आणि नऊही वर्षं ती नवीनच होती. दर जूनमध्ये नवी ऑर्डर, दर एप्रिलमध्ये हातात नारळ. नवऱ्याची सातपूरची कंपनी बंद पडल्यापासून नाशिक रोडचं घर तिच्या ऑर्डरवरच चालत होतं. कायम करण्याची फाइल दरवर्षी 'यंदा नक्की' पाठवली जाणार होती. त्यामुळे दरवर्षी छाया संध्याकाळच्या गाडीनं परत यायची.

हरण्यातही तिनं हात बसवला होता. मुलींना ती हरा म्हणून सांगायची नाही, ते तिच्या जिभेवर आलंच नसतं. खो-खोत गडी बाद होतात ते बहुतेक खांबापाशी, म्हणून पाठलागाला खांबाजवळ ती कच्ची मुलगी बसवायची. पळतीला तीन-तीन मुलींची तुकडी उतरते, त्यात चांगल्या तिघींना ती तीन वेगळ्या तुकड्यांत वाटून टाकायची, म्हणजे कुणालाच जोड मिळायची नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, पोरी जीव तोडून खेळल्या, पण नशीब! मुली रडायच्या, छाया त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची, आणि त्या हाताची तिला स्वतःला किळस यायची.

खुर्शीदाच्या वेळी तर ती आठवडाभर जेवली नव्हती. खुर्शीदा म्हणजे खांबावरून सूर मारावा तर तिनंच. तिला छायानं मैदानाच्या मध्ये बसवून ठेवलं आणि संघ मनमाडला पहिल्याच सामन्यात गारद झाला. दोन महिन्यांत खुर्शीदाचं सटाण्याला लग्न झालं. चार वर्षं झाली त्याला.

आणि आता दीपमाला होती. मखमलाबादची, फुलं लावणाऱ्यांच्या घरची. पहाटे बापाबरोबर झेंडूच्या पाट्या फुलबाजारात उतरवायची आणि तिथूनच सरावाला यायची, अंगाला झेंडूचा वास घेऊन. तिसरं वर्ष, संघाची कॅप्टन. पळायला लागली की समोरची मुलगी हात लांब करून नुसती हवाच पकडायची.

दसरा झाला आणि तिचे वडील, कारभारी, डोक्याचं पागोटं सावरत थेट मैदानावर आले.

"मॅडम, पोरगी लय पळती म्हनत्यात."

"खूप छान खेळते. विद्यापीठाच्या संघात जाण्यासारखी आहे."

"गेली तर काय व्हतं?"

"रेल्वेत खेळाडूंची भरती असते. विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलींना बोलावतात. नोकरी लागू शकते."

कारभारींनी मान डोलावली. "मंग या साली व्हऊन जाऊ द्या. चांदवडचं स्थळ आलंय. द्राक्षबाग हाय, एकुलता एक हाय. रेल्वेत लागली तर मी थांबतो, शब्द देतो. नाय तर माघात बार उडवून टाकतो."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर छायाला बरं वाटलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

निवड समिती मैदानावर येऊन बसायची ती दुसऱ्या दिवशी, उपान्त्य फेरीला. पहिल्या दिवशी हरलेल्या मुली तिला दिसतच नसत. म्हणजे दीपमालाची नोकरी एका मुक्कामावर येऊन ठेपली होती. आणि स्पर्धा यंदा सटाण्याला होती.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी रात्री छायानं पहिल्यांदा खुर्शीदाला फोन लावला. "बारा पोरी एक रात्र तुझ्याकडे झोपल्या तर चालेल का गं?"

"मॅडम, तुम्ही मुक्काम करणार? खरंच?" खुर्शीदा म्हणाली आणि इतक्या जोरात हसली की तिचं लेकरू जागं होऊन रडायला लागलं.

मुक्कामाचं असं जमलं. पुढे पुण्याला जायचं झालं तर गळ्यातलं होतंच, ते गहाण ठेवू, नवऱ्याला नंतर सांगू. छायाला कितीतरी वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेवाळे सरांनी नेहमीप्रमाणे चहा मागवला. पण या वेळी टेबलावर फाइल होती. त्यांनी ती उघडून सही दाखवली. "माझी झाली. अध्यक्षांची तेवढी राहिली. परवा करून घेतो. तुमचं नऊ वर्षांचं काम मार्गी लागलं बघा." मग चष्मा पुसला. "तेवढं संध्याकाळच्या गाडीनं—"

"हो सर," छाया म्हणाली. चहा देणाऱ्या लताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी कप उचलले आणि मान खाली घालून गेल्या.

त्या दुपारी घरी छाया भाकरी करता करता थांबली आणि तव्यावरची भाकरी जळेपर्यंत तशीच उभी राहिली. नऊ वर्षं ज्या सहीकडे डोळे लावले होते ती सही एका बाजूला, आणि दीपमाला दुसऱ्या. पण मनमाडला रडणारी खुर्शीदा काही केल्या डोळ्यांपुढून जाईना. शेवटी ती स्वतःलाच म्हणाली, मरो ती फाइल. एवढी चिडून म्हणाली की शेजारच्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं, काय झालं?

सटाण्याचं मैदान तिथल्या कॉलेजच्या मागे होतं, पलीकडे कांद्याच्या चाळी. सामना दुपारचा, मालेगावच्या संघाशी. छायानं मुलींना कडेला घेतलं. दीपमालाला खांबाजवळ बसवलं. पळतीच्या पहिल्या तुकडीत तिच्या जोडीला पुढच्या वर्षीची कॅप्टन कशिश आणि समिंद्रा, म्हणजे तिघीही तयारीच्या. जागा ऐकता ऐकता मुली गप्प झाल्या.

"आज जिंकायचंय," छाया म्हणाली. "राहायची, जेवायची सोय झालीय. कशाची काळजी करू नका. फक्त जिंका."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. छायाला वाटलं, दडपण आलं असेल.

पहिल्या डावात मात्र त्या अशा काही खेळल्या की मैदानाच्या कडेला गर्दी जमली. दीपमालानं खांबावरून दोनदा सूर मारून दोघींना टिपलं. कडेला बुरख्यातली खुर्शीदा लेकराला काखेत मारून ओरडत होती, "दे खो! अगं दे ना खो!" डाव संपला तेव्हा संघ चार गुणांनी पुढे होता. छाया टाळ्या वाजवत होती. आपल्या मुलींसाठी टाळ्या वाजवता येतात हे ती विसरूनच गेली होती.

मध्यंतरात मुली पाण्याच्या टाकीपाशी गेल्या. दीपमाला मध्ये उभी राहून काहीतरी सांगत होती. कशिश जोरजोरात मान हलवून नाही म्हणत होती. दीपमालानं तिचा दंड धरला, आणखी काही बोलली, आणि मग कशिशनं बाहीनं डोळे पुसले.

दुसऱ्या डावात दीपमाला पळतीला उतरली आणि मिनिटाच्या आत बाद झाली. खांबाकडे जाण्याऐवजी ती सरळ पाठलाग करणारीच्या अंगावर वळली होती. कडेच्या लोकांनी हळहळ केली. पाठोपाठ कशिश. मग समिंद्रा. पाठलागाला दीपमालानं पुन्हा सूर मारला, तो हातभर अलीकडे पडला. ती उठली, गुडघे झटकले आणि नशिबाला बोल लावावा तसा कपाळाला हात लावला.

बघणाऱ्यांना काही कळलं नाही. छायाला कळलं. जीव तोडून खेळल्यासारखं दाखवत हरायचं कसं, हे त्या मैदानावर तिच्याइतकं कोण ओळखणार होतं? "दीपा!" ती ओरडली. "अगं काय करतेस?" दीपमालानं तिच्याकडे पाहिलंच नाही. दोन गुणांनी सामना गेला.

शिट्टी झाल्याबरोबर छाया तिला दंडाला धरून टाकीमागे घेऊन गेली. "मुद्दाम केलंस ना? का? बोल!"

"मॅडम, चिडू नगा."

"तुझी निवड होती गं उद्या! तुझे वडील... सगळं माहीत आहे ना तुला?"

"माहीत हाय की." दीपमाला शांतपणे म्हणाली. "लताबाईंनी काल सांगितलं आमाला. आमी मुक्काम केला तर सर तुमची फाइल कपाटात घालनार व्हते. फोनवर कुनाशी तरी बोलत व्हते तसं. माझी निवड काय, झाली असती नाय तर नसती. तुमचं तर पक्कं व्हतं, नुसती एक सही राह्यलीय. आन दरसाल तर असंच करतो की आपन."

"दरसाल?"

दीपमाला गोंधळली. "तुम्ही कच्ची पोरगी खांबाजवळ बसवता, ते आमाला कळत नाय व्हय? तुमाला तोंडानं सांगावं लागू नये म्हनून आमी पन मागं मागं ऱ्हायचो. कॅप्टन बदलली की जुनी नवीला सांगती. मॅडम पक्क्या होईस्तोवर दम काढायचा. पक्क्या झाल्या की त्या बोलतील, मंग पुढच्या पोरी खेळतील."

ज्यांच्यापासून छायानं दरवर्षी तोंड लपवलं, त्यांनीच तिला पदराखाली घातलं होतं.

खुर्शीदा केव्हाची मागे येऊन उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "ए पोरी," ती म्हणाली, "अजून तेच चाललंय? अगं, ते मी सांगितलं होतं. मनमाडला. मला सर म्हणाले होते की एक साल थांबा, मॅडमची सही होईल. एक साल!" ती छायाकडे वळली. "मॅडम, चार साल झाली. या पोरींना कोणी सांगितलं नाही का की ती सही होत नसते?"

दीपमाला एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा शांतपणा हळूहळू गेला. "पन सरांनी फाइल दावली ना तुमाला?" तिनं विचारलं. "सही व्हती ना?"

"होती," छाया म्हणाली. "आहे."

"मंग झालं तर," दीपमाला घाईनं म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली, "मंग झालं तर."

खुर्शीदानं पुलावाचं पातेलं केलं होतं. बारा जणींत कोण खातं कोण नाही म्हणून बिनमटणाचा. तो तिनं डब्यांत भरून स्टँडवर आणून दिला आणि एसटी सुटेपर्यंत खिडकीची दांडी धरून उभी राहिली.

संध्याकाळची गाडी वेळेवर सुटली. छाया पुढच्या बाकावर बसली होती. उद्या केबिनमध्ये जायचं, फाइल तोंडावर फेकायची, असं ती मनाशी म्हणत होती. आणि लगेच दुसरं मन म्हणत होतं, मग या पोरी हरल्या कशासाठी? दीपमालानं जे मोल दिलं ते पाण्यात घालायचा हक्क तिला होता का? सही झाली तरी तिला कायम कॉलेजात राहायचं होतं आणि नाही झाली तरी पुढच्या जूनची वाट पाहायची होती. कुठूनही विचार सुरू केला तरी ती त्याच दारापाशी येत होती, आणि दार बंद होतं.

देवळा गेलं. मागे मुली कधी नव्हे त्या गप्प होत्या. छायानं वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर दीपमाला आणि कशिश दोघीच बसल्या होत्या, डोक्याला डोकं लावून. दरवर्षी परतीच्या गाडीत जुनी कॅप्टन आणि नवी कॅप्टन अशाच मागे बसायच्या. छायाला वाटायचं, निरोपाचं रडू असेल, आणि ती मुद्दाम तिकडे बघायची नाही.

दीपमाला कशिशच्या कानाशी काहीतरी सांगत होती. कशिश ऐकत होती आणि हळूहळू मान डोलावत होती.

"कशिश!" छाया ताडकन उठली. "कशिश, ऐकू नकोस तिचं! इकडे ये!"

एसटीच्या खडखडाटात तिचा आवाज पुढच्या दोन बाकांपलीकडे गेला नाही. ती दांडी धरून मागे निघाली, तोच भावडबारीचं पहिलं वळण आलं आणि ती एका म्हातारीच्या अंगावर कोलमडली.

"ओ बाई, घाट लागलाय," कंडक्टर म्हणाला. "बसून घ्या आधी खाली."

छाया खाली बसली.