दाभणानं शिवलेलं शेवटचं प्रकरण

भवानी पेठेत राजाबाईचं भाड्यानं पुस्तकं देणारं दुकान आहे. मोबाइलच्या जमान्यात ते चालतं कसं, असं विचारू नका. चालतं! 'हेर कोदंड' मालिकेचा नवा भाग आला की राजाबाई दाभण घेते आणि शेवटचं प्रकरण मागावरच्या जाड दोऱ्यानं शिवून टाकते. मग ती एकच प्रत पेठभर फिरते. सगळ्यांची वाचून झाली की एका रविवारी दुकानात बैठक बसते. ज्यानं त्यानं खुनी सांगायचा, मगच दोरा कापायचा.

नवी प्रत सगळ्यांआधी वाचायचा मान तात्याबाचा. चुकला की मान गेला, असा करार. पण जन्मभर चादरी विणून घरी बसलेला हा गडी आजवर एकदाही चुकला नव्हता. बायको म्हणायची, "कपाटाची किल्ली गावत न्हाय ह्यांना, खुनी बरा गावतो!"

यंदाच्या बैठकीला तात्याबा इस्त्रीचा सदरा घालून आला. सूतवाले महादेवप्पा आधी बोलले. "दिवाणजी! पहिल्याच पानावर रक्ताचं धोतर धुतोय की वो."

मग जो तो दिवाणजीच म्हणाला. राजाबाईची सून पिंकी, जिनं आतलं पान उघडलं नव्हतं, तीही म्हणाली, "कव्हरवर सुरा त्याच्याच हातात हाय की."

तात्याबाला सगळ्यांची कीव आली. कोदंडच्या गोष्टीत इतकं सोपं कधी असतं होय?

"आत्या," तो म्हणाला.

"कोण? ती आंधळी?"

"आंधळी कसली! मधेच म्हणती, पडद्याचा रंग लई उडालाय. आंधळ्याला रंग दिसतो व्हय? सोंग हाय सोंग!"

महादेवप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

राजाबाईनं दोरा कापला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. कोदंडनं दिवाणजीला बेड्या घातल्या. का, तर म्हणे पहिल्यापासून संशय होता!

"वाचा पुढं," तात्याबा म्हणाला. "आत्या यील आता."

आली की. अगदी शेवटच्या ओळीत आली. 'आंधळ्या आत्याने समाधानाने चष्मा लावला आणि ती पेपर वाचू लागली.'

दुकानात हसण्याचा नुसता गदारोळ झाला. तात्याबाला मात्र हसू येईना. लेखकाला आत्या आंधळी असल्याचाच विसर पडला होता, आणि त्या विसराला पुरावा समजून हा बहाद्दर आठवडाभर छाती फुगवून फिरला होता. मान गेल्याचं वाईट वाटलंच, नाही कसं म्हणावं? पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. त्यानं त्या माणसाची ओळ न् ओळ जपून वाचली होती, आणि त्या माणसानं स्वतःचं लिहिलेलं एकदा वाचलंही नव्हतं.

"मग पुढचा भाग आधी महादेवप्पांना द्यायचा ना?" राजाबाईनं हळूच विचारलं.

"द्या की." तात्याबानं खाली पडलेला दोरा उचलून तिच्या हातात दिला. "पण ह्ये आधी परत शिवा."

"आता कुणासाठी? सगळ्यांनी ऐकलं की."

"ज्यानं लिवलंय त्याला पाठवा. म्हणावं, आधी नीट वाच. खुनी कोण ते सांग. मगच दोरा काप."