मागच्या सीटपर्यंत

मर्ल टॉलेफसनने शाळेची जुनी बस विकत घेतली, आतल्या सीटा उपटल्या, मागे पलंग, मधे शेगडी आणि पुढे छोटा सोफा बसवला, बाहेरून निळा रंग फासला आणि गावभर सांगितलं की आता हे आमचं फिरतं घर. घर झालं खरं. पण चालवणार होती त्याची बायको आर्डिस, आणि आर्डिसच्या हातापायांना ते घर आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मिनेसोटातल्या त्या गावात आर्डिसने उभं आयुष्य शाळेची बस चालवली होती. शाळेच्या बसचे दोन नियम तिच्या अंगात मुरले होते. रेल्वे फाटक आलं, मग ते उघडं असो की बंद, की बस थांबवायची, दरवाजा उघडायचा आणि गाडी येतेय का ते कान देऊन ऐकायचं. आणि फेरी संपली की शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन एखादं पोर झोपलेलं राहिलं नाही ना, ते बघायचं. सकाळी उठून स्तोत्र वाचण्याइतकाच हाही तिचा नेम झाला होता. फाटकापाशी दरवाजा उघडला की त्या शांततेत ती पूर्वी बसमध्ये असलेल्या एखाद्या मुलाचं नाव हळूच घ्यायची. तेवढंच त्या लेकराचं नाव देवाच्या कानावर.

आता प्रवास होता मधली तीन राज्यं ओलांडून पश्चिमेला थेट स्पोकेनपर्यंत. तिथे मुलगा कर्टिस राहायचा आणि त्याच्या धाकट्या लेकीचा, सिग्नेचा, रविवारी सकाळी बाप्तिस्मा होता. धर्ममाता म्हणून बाळाला हातात घेऊन आर्डिसने उभं राहायचं होतं. थोरल्या नातवाच्या वेळी बर्फामुळे हे दोघं पोचलेच नव्हते, आणि बाळ घेतलं होतं विहीणबाई फिलिसने. तो फोटो घरी फ्रिजवर चिकटवलेला होता. दूध काढायला गेलं की फिलिस हसायची. आर्डिस कधी कोणाला वाईट बोलली नाही, पण अलीकडे ती कॉफी बिनदुधाची प्यायला लागली होती.

मोठ्या महामार्गावर त्या बसचा निभाव लागेना. चढावर तिला दम लागायचा आणि मागून ट्रकवाले भोंगे वाजवायचे. म्हणून त्यांनी रुळांच्या कडेकडेने जाणारा जुना रस्ता धरला, आणि तिथे गाव आलं की फाटक आलंच. आर्डिस थांबायची, दरवाजा उघडायची, ऐकायची. मागे गाड्यांची रांग लागायची. वाटेतल्या डकोटा राज्यातली माणसं सभ्य, भोंगा वाजवत नाहीत, नुसती बघत राहतात. मर्लला त्या बघण्याचाच जास्त त्रास व्हायचा.

"ही शाळेची बस नाही आता, आर्डिस. घर आहे आपलं. घर कधी फाटकापाशी थांबतं का?"

"घर कधी फाटक ओलांडतं का?" आर्डिस म्हणाली आणि दरवाजा बंद करून निघाली.

त्याहून त्याला खटकायचं ते तिचं मागे येणं. बस कुठेही थांबली की आर्डिस उठून चालत मागे जायची आणि पलंगाचा पडदा बाजूला करायची. मागे माझ्याशिवाय कोण असणार, असं तो विचारायचा. तेच बघते, असं ती सांगायची. त्यातच बसच्या पाठीमागच्या संकटकाळच्या दरवाजाला घंटी होती. दार जरा हललं की ती पुढे चालकापाशी किंचाळायची. खड्ड्याखड्ड्याला डोकं उठवते म्हणून मर्लने तिची तार डकोटातच कापून टाकली.

शुक्रवारी संध्याकाळी मोंटानात मुक्काम पडला तेव्हा मर्लने नकाशा पसरला. अशीच थांबत राहिलीस तर आपण सोमवारी पोचू, म्हणाला. फिलिस काय, ती स्पोकेनातच राहते, तिला कुठलं फाटक लागत नाही. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, रविवारपर्यंत दोन्ही सोड. फाटकापाशी थांबणंही आणि मागे येऊन बघणंही. सिग्नेसाठी.

आर्डिसने बराच वेळ नकाशावरची सुरकुती हाताने सपाट केली. मग म्हणाली, बरं.

आता आर्डिसचा शब्द म्हणजे काय, ते गावाला ठाऊक होतं. चर्चच्या सहलीला बटाट्याची कोशिंबीर आणते म्हणून सांगितलं, तर ताप अंगात घेऊन आणली होती आणि कोणाला लागण नको म्हणून लांबूनच गवतावर ठेवून परत गेली होती.

शनिवारी सकाळी एका लहानशा गावात तिने डिझेल भरलं. पडद्यामागे मर्ल ट्रॅक्टरसारखा घोरत होता. पैसे द्यायला ती आत गेली, परत येऊन जागेवर बसणार, तर पाय आपोआप मागे वळले. तिने त्यांना आवरलं. शब्द तो शब्द. बस निघाली.

गव्हाच्या कापलेल्या रानातून रस्ता सरळ चालला होता. फाटकं येत होती, जात होती, आणि प्रत्येक फाटकाला आर्डिसचा पाय ब्रेककडे जाऊन परत येत होता. मन दुसरीकडे लावावं म्हणून ती आरशातल्या पडद्याकडे बघत मर्लशी बोलायला लागली. गाडीचा आवाज इतका की ओरडूनच बोलावं लागे, आणि ओरडणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून ती तिच्या मानाने मोठ्याने बोलली. म्हणाली, स्वयंपाकघरातले तपकिरी पडदे आता काढूया. मर्ल काही बोलला नाही. ते पडदे त्याच्या आईने शिवलेले होते आणि तो विषय निघाला की एरवी तो दोन दिवस घुमा व्हायचा. आर्डिसला धीर आला. मग ती म्हणाली, तळघरातली ती फुटकी होडी कोणाला तरी देऊन टाकूया. तरी शांत. शेवटी तिने मनातलं सगळ्यात जुनं काढलं, की या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तुझ्या भावाला, हार्वीला, नको बोलवायला. तो भाजलेल्या टर्कीपेक्षा जास्त वेळ टेबलावर असतो.

मागून हूं का चूं नाही. आर्डिसचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांच्या संसारात मर्लने तिचं बोलणं मधे न तोडता ऐकण्याची ही पहिली वेळ होती. नेम सोडल्याचंच हे फळ असेल का, असंही तिला वाटून गेलं, आणि असं वाटल्याबद्दल तिने लगेच देवाची क्षमा मागितली.

पुढच्या फाटकाला लाल दिवे लागले. आता तर कोणालाही थांबणं भागच होतं. लांबच लांब मालगाडी धडधडत गेली, इंजिनाचा भोंगा तर अगदी कानाशी वाजला. शेवटचा डबा गेला, दिवे विझले, आणि आर्डिसच्या हाताने तिला न विचारताच इंजिन बंद करून दरवाजा उघडला. कान आपले ऐकायला लागले.

डावीकडे काही नाही. उजवीकडे काही नाही. मागेही काही नाही.

मागेही काही नाही, हे तिच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. एवढ्या भोंग्याने मर्ल उठला नाही, कुरकुरला नाही, आणि घोरतही नव्हता. शब्द मोडतोय हे तिला कळत होतं. ती उठली, चालत शेवटपर्यंत गेली आणि पडदा बाजूला केला. पलंगावर चुरगळलेली चादर, त्याचा फोन, त्याची पँट. आणि उशीवर पिठीसाखर. डॉक्टरांनी मर्लची साखर बंद करून वर्ष होत आलं होतं.

तिने पलंगाखाली हात घातला. डोनटचा एक रिकामा खोका निघाला. मग दुसरा. मागे येऊ नकोस, याचा अर्थ आता कुठे तिला लागला.

पण रागावायला सवड नव्हती. परत जायचं तर बाप्तिस्मा चुकणार, आणि न जायचं तर नवरा पँटशिवाय मोंटानात. आर्डिसने हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. शेवटी ती किल्लीकडे गेली आणि बस वळवायला कुठे जागा आहे ते बघायला दारात आली.

तेवढ्यात मागे एक पिवळी बस येऊन थांबली. दिवे विझलेले, रूळ मोकळे, तरी ती थांबली, कारण शाळेची बस थांबतेच. दरवाजा उघडला. आतला गलका एकदम बंद झाला, मुलींनी भरलेली बस चिडीचूप ऐकत होती. आणि त्या शांततेत एक ओळखीचा आवाज आला.

"आता थांबणं पुरे झालं असेल तर मी उतरू का?"

मर्ल उतरला. खाली लांब लोकरी आतली विजार, वर कुठल्याशा शाळेच्या व्हॉलीबॉल संघाचा जांभळा सदरा, आणि हातात खोका. मागच्या दाराने उतरून तो रस्त्यापलीकडच्या बेकरीत गेला होता, आणि काचेतून आपलं निळं घर जाताना त्याने पाहिलं होतं. बेकरीत नाश्त्याला थांबलेल्या संघाने त्याला पोरका समजून उचललं होतं. खोका रिकामा होता. मुलींनी भाडं म्हणून तो संपवला होता.

पिवळ्या बसची चालक, रोंडा नावाची धिप्पाड बाई, आर्डिसपाशी आली. "हा तुमचाच का?"

"माझाच."

"दर फाटकाला थांबले की हा कण्हत होता. मला वाटलं, पोटात दुखतंय." मग आवाज हळू करून, एका चालकाने दुसऱ्याला सांगावं तसं ती म्हणाली, "निघताना मागे बघायचं असतं, बाई."

आर्डिस लाल झाली. "इतक्या वर्षांत माझं एकही मूल हरवलं नाही," ती म्हणाली. "हा पहिलाच."

मर्ल काहीतरी बोलणार होता, पण साऱ्या खिडक्यांमधून मुली बघत होत्या, म्हणून तो निमूट आपल्या बसमध्ये चढला. पुढचं फाटक आलं तेव्हा आर्डिसने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मर्ल उठला आणि स्वतःच्या हाताने दरवाजा उघडून उभा राहिला. सिग्नेसाठी मग त्यांनी झोप कमी केली, फाटकं नाही.

चर्चची घंटा वाजत असताना निळी बस दारात लागली. फिलिस पुढच्या रांगेत हात तयार ठेवून बसली होती. आर्डिस थेट तिच्यापाशी गेली, मऊ आवाजात सुप्रभात म्हणाली आणि बाळ घेतलं. पाणी डोक्यावर पडलं तेव्हा सिग्नेने अख्खं चर्च दणाणून सोडलं. या मुलीवर लक्ष ठेवशील का, असं पाद्रींनी विचारलं. देवाच्या मदतीने ठेवीन, असं आर्डिसने इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की कर्टिसने वळून पाहिलं.

नंतर सगळे कॉफीला खालच्या दालनात गेले. फोटोसाठी मर्लला शोधायला कर्टिस बाहेर धावला. आर्डिस मात्र सवयीने रांगांमधून चालत शेवटच्या बाकापर्यंत गेली. मर्ल तिथे आडवा झोपला होता. ओठाच्या कोपऱ्याला पिठीसाखर.

ती त्याच्या पायाशी बसली. चर्चमध्ये शांतता होती. थोडा वेळ तिने ती ऐकली.

"तर मग पडदे, होडी आणि हार्वी," ती हळूच म्हणाली. "तिन्हींचं ठरलं ना?"

मर्ल घोरत राहिला. आर्डिसने रुमालाने त्याच्या तोंडाची साखर पुसली आणि फोटोसाठी त्याला उठवलं.