ताणावरची बाग

माझा भाऊ रुपराव वाईट माणूस नाही, हे मी पहिलेच सांगून ठेवते. नाही त तुम्ही पुढचं ऐकून त्याले शिव्या घालाल, अन् त्याले शिव्या घालायचा हक्क माझा एकटीचा आहे. माय गेल्यावर मीच त्याले न्हाऊमाखू घातलं. आता तो नागपूरले सिव्हिल लाइन्समध्ये उद्योग खात्यात साहेब आहे. बाहेरदेशच्या कंपन्यांनी इकडे येऊन कारखाने काढावे म्हणून त्यांच्या मागंपुढं करायचं, हे त्याचं काम.

मागच्या उन्हाळ्यात, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, त्यानं हॉलंडची एक कंपनी पटवत आणली होती. संत्र्याच्या रसाचा कारखाना काढणार होते. आमच्या खाप्याकडं संत्रा मायंदाळ, पण बारीक फळाले कोणी विचारत नाही. नागपूरच्या संत्रा मार्केटात मागच्या बाजूले त्याचे ढीग सडत पडते अन् गाई तोंड घालते. कारखाना ते बारीक फळ घेणार, साली ढोरांच्या खाद्याले देणार, गावातले पोट्टे गावातच राहणार. रुपराव हे सांगे तेव्हा त्याचं जेवण ताटात थंड होऊन जाये. त्याले ते मनापासून पटलं होतं, म्हणून मलेही पटलं.

मे महिन्यात तो जीप घेऊन आला. हॉलंडचा साहेब महिनाअखेर बागा पाहायले येणार होता, अन् सडकेवर पहिल्या आमच्याच बागा लागते. माझी, अन् तिले लागून माझी धाकटी जाऊ भागीरथा हिची. मधात विहीर, दोघींची एकच. रुपरावनं बागेत एक चक्कर मारली अन् त्याचा चेहरा उतरला. बाग ताणावर होती.

ज्याले संत्रा माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. मृगाचा बहार घ्यायचा असला त भर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडाव लागते. झाड उपाशी राहते, पानं पिवळी पडते, गळते, पाहणाऱ्याले वाटते बाग मेली. मग मृगाचं पाणी पडलं की तेच झाड फुलानं पांढरं होते. मधातच कोणी पाणी पाजलं त झाड नुसतं पाल्यावर जाते. हिरवंगार दिसते अन् फळ देत नाही.

रुपराव माझ्यासारखाच संत्र्याखाली वाढला, त्याले हे सांगाव लागत नव्हतं. तरी तो म्हणाला, बाई, पाणी सोड. साहेबासोबत दिल्लीचे बाबू येऊन राहिले, त्यांनी वाळलेली बाग पाहिली त गाडी परस्पर दुसऱ्या राज्यात जाईल. मी म्हटलं, समजावून सांग न गा त्याले, इंग्रजी कशाले शिकला तू. तो म्हणे, समजावून सांगायले वेळ लागते, अन् पाहायले एक मिनिट. एका सालचा बहार जाईल, पण कारखाना जन्माचा येईल.

मी माझ्या मालकांकडं पाहिलं. ते बैल सोडून नाल्यावर निघून गेले. त्यांचं तसं निघून जाणं मले समजते. पण भाऊ साहेब झाला, जीप घेऊन दारात आला, याची मस्ती माझ्या डोक्यात होती. खोटं काहून बोलू?

आमचं जाऊ द्या. आमच्याकडं कपाशी आहे, ज्वारी आहे, एक बहार गेला त आम्ही मरत नाही. भागीरथेकडं बागेशिवाय काही नाही. दीर गेल्यापासून ती बाई त्याच झाडांवर जगते. मी तिच्या घरी गेली, ती सूप घेऊन तांदूळ पाखडून राहिली होती. मी सांगितलं, रुपराव असं असं म्हणते, तुझ्याही बागेले पाणी द्याव लागते. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मोठ्या बाई, तुम्ही म्हणता त बरोबरच असन." मले वाटलं होतं ती भांडन. भांडली असती त मी कदाचित थांबली असती.

विहिरीत होतं नव्हतं ते पाणी आम्ही दोन्ही बागांले पाजलं. साहेब आला तेव्हा कोवळी पालवी नुसती चमकून राहिली होती. उन्हानं लालबुंद झालेला तो माणूस झाडाखाली उभा राहून हसला, त्यानं फोटो काढले, दिल्लीच्या बाबूंनी मान हलवली. रुपरावनं जाता जाता माझ्या पायाले हात लावला. मी मोठ्या तोऱ्यात त्याले औक्षवंत हो म्हटलं.

मृग लागला. चंपतरावची बाग आमच्या मागं आहे, सडकेवरून दिसत नाही, म्हणून त्याले कोणी पाणी सोड म्हटलं नव्हतं. त्याची बाग अशी फुलली का वास आमच्या चुलीपाशी ये. इतर सालं तो वास आला की मन भरून ये. त्या साली मी कवाड लावून घेऊ लागली. भागीरथा रोज सकाळी झाडाची एकएक डगाल वाकवून पाहे, कुठं कळी दिसते का. मी तिले बांधावरून पाही अन् ती वळायच्या आत घरात शिरे. माझ्यानं तिच्यासमोर उभं राहवत नव्हतं.

तिनं मले एका शब्दानं विचारलं नाही. पावसाळ्यात ती दुसऱ्याच्या वावरात निंदायले जाऊ लागली. भाऊबीजेले रुपराव आला, माझ्यासाठी रेशमी पातळ घेऊन. मी ते घडी न मोडता तसंच ठेवून दिलं अन् त्याले भागीरथेकडं जाऊन ये म्हटलं. तो हो म्हणाला, घड्याळ पाहिलं, अन् जीपमध्ये बसला.

फेब्रुवारीत संत्रा तोडायले आला तेव्हा रुपराव परत आला. या वेळी जीप दूर ठेवून पायी आला. साहेब पुन्हा येणार होता. त्याले पाहिलेल्या बागेचंच फळ पाहायचं होतं, झाडावरचं, हातानं तोडून. त्यावरच सगळं अडलं होतं. अन् आमच्या झाडांवर पाल्याशिवाय काही नव्हतं.

रुपराव खाली मान घालून बोलत होता. त्यानं चंपतरावशी बोलून ठेवलं होतं, साहेबाले मागच्या वाटेनं चंपतरावच्या बागेत न्यायचं. मी तिथं उभं राहून एवढंच म्हणायचं, ही बाग माझी. मी त्याले नाही नाही ते बोलली. तुले माय असती त तिनं तुले उंबऱ्याबाहेर काढलं असतं म्हटलं. तो रडला. एवढा मोठा माणूस माझ्या ओसरीवर बसून रडला, अन् म्हणाला, आता मी खरं सांगितलं त कारखाना जाईल, अन् भागीरथावहिनीचा बहार फुकटच गेला असं होईल. मी कबूल झाली.

साहेब आला. चंपतरावची झाडं फळानं वाकली होती. साहेबानं मले काहीतरी विचारलं, रुपरावनं मराठीत सांगितलं, अन् मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "हो, माझीच बाग आहे." चंपतराव पलीकडं उभा राहून आपल्या चपला पाहत होता.

पाहुण्यांले फळ कापून द्यायले कोणी पाहिजे म्हणून मी भागीरथेले बोलावलं होतं. तेही मीच. तिनं पितळी ताटात संत्र्याच्या फोडी मांडल्या अन् साहेबासमोर धरल्या. साहेबानं एक खाल्ली, डोळे मिटले, मग तिच्याकडं पाहून हसत रुपरावले विचारलं, ही कोण. एवढं त मलेही समजलं.

रुपरावनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं. अन् तो म्हणाला, "लेबर."

हा शब्द आमच्याकडं शेंबड्या पोरालेही येते. भागीरथेलेही आला. ताट तिच्या हातात होतं म्हणून तिले हात जोडता आले नाही, तिनं नुसती मान झुकवली. साहेबानंही मान झुकवली. मी तिथंच होती. ही माझी जाऊ आहे, मागच्या वेळी तुम्ही ज्या बागांचे फोटो काढले त्यातली एक हिची आहे, एवढं मराठीत म्हणायले मले कोण अडवत होतं?

कारखाना मंजूर झाला. रुपराव संत्रा बर्फीचे डबे घेऊन आला, या वेळी भागीरथेकडंही गेला. कारखान्यात साली काढायले बाया लागतील, वहिनींचं नाव सगळ्यांत पहिले घालतो, म्हणे. त्याले वाटलं त्यानं भरपाई केली. भागीरथेनं त्याले चहा पाजला.

परवा मी विहिरीवर होती. मे लागला आहे, पाणी तोडायचे दिवस. भागीरथा बांधावरून आली, पदरानं घाम पुसला अन् माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "मोठ्या बाई, तुमच्या भावाले विचारून सांगा न. साहेब औंदाही उन्हाळ्यात येऊन राहिला का? येत असन त मी पाणी तोडत नाही."

मी तिच्या तोंडाकडं पाहत राहिली. टोमणा असता त मी गुमान गिळला असता, माझ्या लायकीचाच होता. पण तो टोमणा नव्हता. ती खरंच विचारून राहिली होती.