कात्रीला पडलेली खाच

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. साधीसुधी नव्हे, शिंप्याची; वजनदार आणि लांब पात्यांची. मला विकत घेणाऱ्या शिंप्याला सारी गल्ली मास्तर म्हणायची. भाड्याच्या एका खोलीत त्यांचं दुकान होतं. त्यांचा एकच दंडक होता: मी फक्त कापड कापायचं. कागदाने माझी धार जाते. लेकीने एकदा मला वहीच्या कागदाला लावलं, तर मास्तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. "लोण्यातून फिरवताय जणू!" असं गिऱ्हाईकं म्हणायची, तेव्हा मला काय मिरवावंसं वाटायचं!

मग मास्तरांच्या बायकोला मोठं आजारपण आलं. औषधपाण्याचा खर्च क्रेडिट कार्डावर चढत गेला. बाई वाचल्या नाहीत, आणि हप्ते थकले. वसुलीवाला रोज दारात उभा. एक दिवस तोच म्हणाला, "मास्तर, निम्मे भरा. प्रकरण मिटवून टाकू."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी होतं नव्हतं ते गोळा करून निम्मे भरले, सही ठोकली आणि आनंदाच्या भरात मला उचलून कार्डाचे दोन तुकडे केले. कार्डातल्या धातूच्या चकतीवर माझं पातं कचकन अडलं आणि त्याला बारीकशी खाच पडली. त्या दिवशी ती कुणालाच दिसली नाही.

तीन वर्षांनी खोलीचे मालक म्हणाले, "खोली विकतोय. आधी तुम्हाला विचारतो." मास्तर नि लेक कर्ज मागायला बँकेत गेले आणि तोंड पाडून परत आले.

"अगं, मी तर मिटवलं होतं ना?"

"मिटवलंत बाबा, फेडलं नाहीत. निम्मे बुडाले अशी नोंद आहे तुमच्या नावावर. क्रेडिट स्कोअर पार खाली गेलाय."

"मग आता?"

"उरलेले भरायचे. थोडी ठेव ठेवून छोटं कार्ड घ्यायचं आणि त्याच्या बिलाची एकही तारीख चुकवायची नाही. दोन वर्षं तरी लागतील, असं बँकेतल्या मॅडम म्हणाल्या."

मास्तरांनी पोटाला चिमटा घेऊन उरलेले भरले. तारखेच्या आदल्या दिवशीच ते बँकेत हजर असत. पण मालक किती थांबणार? चार महिन्यांनी खोली विकली गेली. मास्तरांची मशीन घरातल्या बोळात आली, आणि मी खिळ्यावर. फार वाईट दिवस होते ते.

धारवाला माझं पातं पाहून म्हणाला, "खाच एका दमात जात नाही, मास्तर. पातं हळूहळू घासावं लागतं." दर खेपेला मी थोडी झिजत गेले. मास्तरही झिजले. त्यांचा हात थरथरू लागला.

अखेर बँकेचं पाकीट आलं. ते उघडायला लेकीने मला हातात घेतलं.

"ए, कागदाला नको!" मास्तर ओरडले आणि त्यांनी स्वतःच पाकीट फाडलं.

"बाबा, सुधारला हो स्कोअर! आता कर्ज मिळेल."

मास्तर माझ्याकडे पाहत राहिले. "आता कुठलं दुकान, बाळा?" एवढंच म्हणाले. मला रडता येत नाही, याचं त्या दिवशी फार दुःख झालं.

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, तेल द्या, कापडाखेरीज कशाला लावू नका. आणि कुणी "मिटवून टाकू" म्हणालं, तर सही करण्याआधी घरातल्या शिकल्यासवरल्या माणसाला विचारा. मास्तरांनी विचारलं नाही. लेक तर तेव्हा दुकानातल्या पडद्यापलीकडेच बसून काजं करत होती.