बारा माणसांचं टेबल

झ्लात्कानं सामान विकायला काढलं तेव्हा गावात ते घेणारं कुणी उरलंच नव्हतं. डॅन्यूबकाठच्या त्या गावात निम्म्या घरांना कुलपं लागली होती. शेजारची मित्रा कुंपणापाशी आली, अंगणातल्या कपाटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चांगलं आहे गं. पण माझंच कुणाच्या गळ्यात मारू, ते मला कळत नाही."

झ्लात्का इटलीला निघाली होती. बोलोन्यात अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्याची सेवा करायचं काम तिला मिळालं होतं. तिचा नवरा त्सेंको याला विसरण्याचा आजार जडला होता. त्याला व्रात्सा शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवायचं होतं, आणि तिथला खर्च इटलीच्या पगारातूनच निघणार होता. म्हणजे आपल्या माणसाला परक्यांच्या हाती द्यायचं, ते परवडावं म्हणून परक्या माणसाचं करायला जायचं. मूलबाळ नव्हतं. तिनं सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला होता. दुसरी वाट निघत नव्हती. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं, पण त्याला घर रिकामं हवं होतं.

शनिवारी जवळच्या लोम शहरातून बोरिस्लाव नावाचा माणूस टेम्पो घेऊन आला. त्याला खानावळ काढायची होती, म्हणून मोठं टेबल हवं होतं. त्सेंकोनं त्याला फाटकातच गाठलं.

"या, या. उशीर केलात. झ्लात्का, अगं राकिया आण. पाहुणे आलेत."

"अहो, ते पाहुणे नाहीत," झ्लात्का म्हणाली. "ते टेबल न्यायला आलेत."

"हां, लग्नासाठी," त्सेंको म्हणाला. "या गावातलं एकही लग्न या टेबलाशिवाय झालेलं नाही. बारा माणसं बसतात. चेपून बसली तर चौदा. मुलगी कुणाची?"

बोरिस्लावनं झ्लात्काकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"माझ्या बहिणीचं लग्न आहे, काका," तो म्हणाला.

मग त्सेंकोनं त्याला बसवलंच. राकियाच्या कडक दारूचे दोन पेले झाले, भाजलेल्या मिरच्या झाल्या. टेबल टेम्पोत चढवताना त्सेंकोनं स्वतः एक टोक धरलं आणि ओरडत राहिला, "जपून रे, पाय घासू देऊ नका." फाटकाशी तो म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत परत आणा. आम्हाला जेवायला लागतं."

"आणतो, काका."

बोरिस्लावनं नोटा झ्लात्काच्या हातात कोंबल्या आणि हळूच म्हणाला, "मावशी, काय बोलावं तेच सुचेना."

"बरं केलंत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्सेंको फाटकात उभा. तिनं हाक मारली की म्हणायचा, "येतील. भल्या घरची माणसं दिसत होती." संध्याकाळी तिनं त्याला ओढूनच आत नेलं. खिडकीच्या कठड्यावर वाट्या ठेवून दोघांनी उभ्यानं सूप प्यायलं. कपाट कुणीच नेलं नव्हतं. शेजारणीच्या भावानं ते कुऱ्हाडीनं फोडलं आणि सरपणाला नेलं. त्याचे घाव ऐकताना झ्लात्का वाट्या विसळत होती.

सोमवारी ती त्सेंकोला घेऊन व्रात्साला गेली. त्यानं कोट घातला होता, दाढी केली होती. वृद्धाश्रमाच्या दारात एक सेविका आली, गोड बोलली, त्याची पिशवी घेतली. झ्लात्काला रडू आवरेना. त्सेंकोनं तिच्याकडे पाहिलं, मग सेविकेकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडल्यासारखं झालं.

"ताई," तो सेविकेला बाजूला घेऊन म्हणाला, "हिचे गुडघे दुखतात. हिला जिना चढायला लावू नका. आणि एकटीला जेवायला बसवू नका, ती मग जेवतच नाही."

"बरं, काका."

"तू घाबरू नकोस," तो झ्लात्काला म्हणाला. "इथली माणसं चांगली आहेत. मी येत जाईन."

त्यानं तिच्या कपाळाला ओठ टेकवले, टोपी नीट केली आणि दाराकडे वळला. सेविकेनं त्याचा दंड धरला. तो सोडवून घेऊ लागला, आधी हसत, मग जोरानं.

"सोडा हो, मला बस पकडायचीय."

सेविकेनं झ्लात्काला डोळ्यांनीच खुणावलं, जा. ती बाहेर पडली आणि चालत राहिली. मागून तो तिचं नाव घेत नव्हता. बस चुकेल, एवढंच म्हणत होता.