दारातलं बर्फधुकं

केंब्रिजच्या त्या शीतखोलीत उणे चाळीस अंशांवर सगळं गोठायचं, फक्त धम्मशीलाला हवं असलेलं धुकं तेवढं धरायचं नाही.

तिचं म्हणणं साधं होतं. ऊन नसलेल्या कडाक्याच्या थंडीत जमीन आपली ऊब आकाशाला देत राहते आणि भोवतालच्या हवेहूनही गार होते. मध्ये बर्फकणांचं धुकं आलं, की त्यातली थोडी ऊब ते जमिनीला परत करतं. पांघरूणच म्हणा ना! तिच्या प्रोफेसर हेलन यांना पांघरूण मान्य होतं, पण इतक्या विरळ धुक्यानं फरक पडतो हे मान्य नव्हतं. "दाखव," एवढंच त्या म्हणायच्या. उद्यापासून खोली दुसऱ्या टीमला जाणार होती. आज दाखवलं नाही तर विषयच बंद.

खोलीत जमीन म्हणून एक काळी प्लेट होती आणि आकाश म्हणून तिच्याहूनही गार केलेलं छत. वाफ सोडणारं यंत्र मात्र सकाळपासून स्वतःच गोठून बसलं होतं. धम्मशीलाला रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर सुनीती मावशी, गळ्यात व्हिजिटर पास, हातात पाटवडी रश्श्याचा डबा.

"मावशी, मी एक्सपेरिमेंटच्या मध्ये आहे गं."

"मी कुठे थांबतेय? येते मी. जय भीम." असं म्हणून मावशी थांबली. आपल्याकडे निरोपाची खरी सुरुवात 'येते' म्हटल्यावरच होते. "अगं, एक राहिलंच. नागपूरहून प्रमोदचा फोन होता..."

मोठ्या माणसाच्या तोंडावर दार कसं लावायचं? प्रमोदची सोयरीक झाली, मावशीचा बॉयलर झाला, कौन्सिलचे कचऱ्याचे डबे झाले. शेवटी धम्मशीलाचा तोल गेला. "मावशी, पुरे! मला काम आहे!" तिनं दार ओढून घेतलं.

आणि वळून पाहते तो खोलीभर चमचमतं धुकं! उघड्या दारातून कॉरिडॉरची ओलसर हवा आत शिरली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तिनं हेलनना बोलावलं. स्क्रीनवर प्लेट दोन अंशांनी वर दिसत होती.

"दार उघडं होतं. गरम हवा आली, एवढंच," हेलन म्हणाल्या.

"थांबा." हवा पुन्हा उणे चाळीसवर आली, तरी प्लेट वरच राहिली. मग धुकं हळूहळू खाली बसलं आणि प्लेटही पहिल्या आकड्यावर उतरली.

हेलनच्या भुवया वर गेल्या. "पुन्हा करून दाखव. तसंच. दार किती वेळ उघडं होतं?"

कोणी मोजलं होतं? मावशीच्या एका निरोपाएवढं, इतकंच धम्मशीलाला ठाऊक होतं. ती जाड कोटासकट धावत सुटली.

मावशी गेटपाशी बससाठी उभी होती. डोळे लाल. "तुझं काम खोळंबवलं ना मी? इथे सगळे बाय म्हणतात आणि जातात. मला ते जमतच नाही बघ."

धम्मशीलाला फार वाईट वाटलं. हिच्या घरात राहून ती शिकली होती, आणि हिलाच तिनं दाराबाहेर काढलं होतं. "चुकलं माझं, मावशी. चल परत. तुझा निरोप अर्धा राहिलाय."

दारात उभं केल्यावर मावशीनं आधी शंकेनं पाहिलं. "काय बोलू आता?"

"प्रमोदच्या सोयरिकीचं. मुलगी काय म्हणाली?"

मावशी अडखळत सुरू झाली, मग रंगली. मुलीनं म्हणे पहिल्याच भेटीत प्रमोदला पोळ्या लाटायला बसवलं होतं, आणि त्याची पहिली पोळी थेट...

"बास, बास! धुकं झालं," स्क्रीनसमोरून हेलन ओरडल्या. "दार लाव!"

दार लागलं. हवा उणे चाळीसवर आली, प्लेट पुन्हा दोन अंश वर. हेलननी दोनदा आकडा पाहिला आणि हसून मान हलवली. "अजून तीन आठवडे खोली तुझी. दुसऱ्या टीमशी मी बोलते."

त्यांनी मागे वळून पाहिलं. धम्मशीला दाराच्या काचेपलीकडे, बाहेरच राहिली होती, आणि मावशीचा हात धरून विचारत होती, "मग? पोळी कुठे पडली?"